कोणाची सायकल पडली ओ?

मागच्या रविवारी परत पडली. मी समोरच होतो, चार फुटांवर, हातात चहाचा ग्लास, आणि डोळ्यांदेखत ती हळूच, म्हणजे अगदी लाजत लाजत म्हणता येईल अशी, हँडल डावीकडे वळवत गेली आणि धाडकन आडवी. टपरीवरच्या सगळ्यांनी एकदा सायकलकडे बघितलं आणि एकदा माझ्याकडे. त्यातल्या एका काकांनी वर विचारलं पण, "कोणाची सायकल पडली ओ?" मी डोक्यावर हेल्मेट आणि खाली सायकलची ती गादीवाली चड्डी घालून एकटाच उभा असताना. पुणं आहे, चालायचंच.

तर म्हटलं आता या विषयावर लिहूनच टाकू. सायकल कशी चालवायची, कुठली घ्यायची, कुठला टायर चांगला, गुडघे दुखतात त्याचं काय, यावर लोक तासन्‌तास बोलतात, पण ती थांबल्यावर उभी कशी करायची यावर कोणी काही सांगत नाही. वास्तविक कुठलीही सायकल तिच्या आयुष्यात चालते कमी आणि उभी जास्त असते. माझी आठवड्यात सहा तास चालत असेल, बाकीचे एकशे बासष्ट तास ती कुठे ना कुठे टेकून, लटकून नाहीतर पडून असते.

माझ्या लहानपणी हा प्रश्नच नव्हता. सांगलीला आमच्या आजोबांची, म्हणजे अण्णांची, चोवीस इंची काळी सायकल होती, तिला मागच्या चाकाला तो लोखंडी दोन पायांचा स्टँड. ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको, पण आता गिअरच्या सायकली घेऊन फिरणाऱ्या पोरांनी बघितलेला नसतो म्हणून सांगतो. मागच्या चाकाच्या आसाला दोन्ही बाजूंनी बसवलेला, खाली फाकलेला, आणि चालवताना वर करून मडगार्डच्या क्लिपमध्ये अडकवायचा. लावायची पद्धत अशी की डावा हात हँडलवर, उजव्या हाताने कॅरियर धरायचं, पायाने क्लिपमधून स्टँड खाली पाडायचा, त्याच्या आडव्या पट्टीवर पाय दाबून धरायचा आणि कॅरियर वर आणि मागे असं एकाच दमात ओढायचं. खट्ट असा आवाज आला की झालं. मागचं चाक जमिनीपासून दोन बोटं वर, सायकल पुढच्या चाकावर आणि स्टँडच्या दोन पायांवर. तीन टेकू, तिवईसारखे. आता वारा येऊ दे, म्हैस घासून जाऊ दे, काही होत नाही.

अण्णा हे सगळं न बघता करायचे, बोलता बोलता. आम्हाला मात्र ते जमायचं नाही, कारण सायकल वीस किलोच्या वर आणि आम्ही पण जवळजवळ तेवढेच. हाफ पायडल यायला लागलं तरी स्टँडवर लावता येईना, त्यामुळे मी गल्लीत चार चकरा मारून आलो की दारात सायकल धरून "अण्णाऽऽ स्टँडऽऽ" म्हणून ओरडायचो आणि मग ते बाहेर यायचे. ज्या दिवशी माझ्या हातून पहिल्यांदा खट्ट वाजलं तो दिवस मला फुल पायडल आलं त्या दिवसापेक्षा जास्त लख्ख आठवतो. दुसऱ्या दिवशी मी उगाचच दहा वेळा लावली आणि काढली, शेवटी स्प्रिंग ढिली पडली आणि मार खाल्ला. ती ढिली झाली की काय होतं, तर खड्ड्यात गेल्यावर स्टँड आपोआप सुटतो आणि रस्त्यावर घासत खडखड खडखड करत मागून येतो, सगळी गल्ली वळून बघते.

त्या स्टँडचा एक मोठा फायदा म्हणजे मागचं चाक हवेत असल्यामुळे सायकल जागेवरच चालवता यायची. आम्ही संध्याकाळी लाईट गेली की सायकल स्टँडला लावून डायनामो चाकाला टेकवायचो आणि हाताने पायडल फिरवत भिंतीवर उजेड पाडायचो. धार लावणारा यायचा त्याचा तर अख्खा धंदाच त्या स्टँडवर. "धाऽऽर लावायची काऽऽ" करत यायचा, सायकल स्टँडवर चढवायचा, मागच्या चाकावरून पट्टा पुढे दांडीवर बसवलेल्या धारेच्या दगडी चाकाला, आणि सीटवर बसून पायडल मारत विळी-सुऱ्या घासायचा, ठिणग्या उडायच्या. चाक जमिनीला टेकलेलं असतं तर हा माणूस पहिल्या सुरीलाच पुढच्या गल्लीत पोचला असता. म्हणजे ज्याला आपण सायकल उभी करायची सोय म्हणतो त्याच्यावर त्याचं घर चालत होतं.

दूधवाल्यांच्या सायकलींचे स्टँड आणखी वेगळे, जाड पट्टीचे, पाय जास्त फाकलेले, कारण दोन्ही बाजूंना भरलेल्या किटल्या. आणि त्यातही जे शहाणे होते ते माप घालताना सायकलच्या नळीखाली एक काठी पण टेकवायचे, कारण एका बाजूची किटली रिकामी होत गेली की तोल दुसरीकडे जातो. हे मी तेव्हा नुसतं बघायचो, त्याच्यामागचं गणित कळायला वयाची चाळिशी गाठावी लागली.

मग मधली वीस वर्षं बाईक, नोकरी, पुणे, पोट. आणि मग सगळ्यांसारखी मी पण गिअरची सायकल घेतली. दुकानातून बाहेर काढली, टेकवायला गेलो तर स्टँडच नाही. दुकानवाल्या पोराला विचारलं तर म्हणतो, "सर या सायकलींना स्टँड देत नाहीत, वजन वाढतं." स्टँडचं वजन तीनशे ग्रॅम. सायकल चौदा किलो. मी चौऱ्याऐंशी. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्या पोटाकडे बघितलं, आणि निमूटपणे एक साइड स्टँड काढून बसवला.

साइड स्टँड म्हणजे एकच पाय, डाव्या बाजूला. तो दोन ठिकाणी बसतो. एक तर पायडलच्या मागे मधोमध, दोन नळ्यांच्या बेचक्यात, नाहीतर मागच्या चाकाजवळ डावीकडच्या नळ्यांना धरून. मधला बसवला की सायकल मागे घेताना डावं पायडल येऊन स्टँडवर आपटतं, हा रोजचा वैताग. शिवाय बेचक्यात त्याची पट्टी नट आवळून घट्ट करतात, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ नळ्यांवर कोणी जोर लावून आवळलं तर नळी चेपते. माझ्या एका मित्राची चेपलीय, दुकानवाल्याने काखा वर केल्या. कार्बनची फ्रेम असेल तर असली आवळायची वस्तू लावूच नका, सरळ विषय सोडा. मागच्या चाकाजवळचा त्या मानाने बरा, आणि काही फ्रेमना तिथे कंपनीकडूनच दोन भोकं ठेवलेली असतात, एकमेकांपासून अठरा किंवा चाळीस मिलिमीटरवर, त्यात स्टँड थेट बोल्टने बसतो, आवळाआवळी नाही. सायकल घेताना ही भोकं आहेत का बघा. मी बघितलं नव्हतं, मला तेव्हा काही माहीतच नव्हतं.

तर स्टँड बसला आणि सायकल पडायला लागली.

पहिल्यांदा सोसायटीत पडली, वाटलं कुत्र्याने पाडली असेल. मग खडकवासल्याला धरणावर पडली, वाटलं वाऱ्याने. मग तीच सायकल ऑफिसच्या पार्किंगमध्ये, जिथे कुत्रं पण नाही आणि वारा पण नाही, तिथे पडलेली सापडली. आणि सगळ्यात महागात पडली ती सिंहगडाच्या पायथ्याला. पोहे खायला थांबलो होतो, सायकल उजवीकडे पडली. उचलली, झटकली, हँडल सरळ केलं, बाकी काही दिसलं नाही. उजवी बाजू ही गिअरची बाजू, मागच्या चाकाशी तो गिअर बदलणारा डिरेलर खाली लोंबत असतो आणि तो ज्या छोट्या पत्र्यावर बसवलेला असतो त्याला हँगर म्हणतात. हा हँगर मुद्दामच मऊ धातूचा करतात, म्हणजे मार बसला तर तो वाकावा किंवा तुटावा, फ्रेमला काही होऊ नये. माझा वाकला होता, आतल्या बाजूला, अगदी थोडा, डोळ्याला न दिसण्याइतका. सपाटीवर काही कळलं नाही. गड चढायला लागल्यावर दम निघाला म्हणून मी सगळ्यात हलका गिअर टाकला, चेन सगळ्यात मोठ्या चक्रावर गेली, तिच्याबरोबर डिरेलर आत गेला आणि सरळ स्पोकमध्ये. कर्रर्र झालं, चाक जागेवर जाम. दोन स्पोक तुटले, डिरेलर पिळवटला, मी कसाबसा पाय टेकला. चढ होता म्हणून वाचलो, वेगात असतो तर दात गेले असते. परत चालत खाली. पोह्यांचे पैसे वेगळे.

म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा. सायकल उजवीकडे पडली असेल तर चढावर हलका गिअर टाकायच्या आधी मागून बघा, डिरेलरची दोन छोटी चक्रं आणि वरचं चक्र एका रेषेत आहेत का. आणि स्टँड नसेल, सायकल जमिनीवरच ठेवायची असेल, तर कायम डाव्या कुशीवर झोपवा, गिअर आकाशाकडे. झोपवण्यात काही कमीपणा नाही. दोनशे किलोमीटरच्या बीआरएमला, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांबचं अंतर कापायच्या सायकल राइडला, गेलात तर साडेतेरा तासांची मुदत असते, तिथे चेक पॉइंटला पोचलेली माणसं लाखाची सायकल सरळ गवतात आडवी टाकतात आणि वडापावकडे पळतात.

आता मूळ मुद्दा, पडते का. हे मला आमच्या कर्वे रोडच्या आतल्या बाजूला बसणाऱ्या एका मिस्त्रींनी सांगितलं. साठीचे आहेत, हात कायम काळे, एका बाजूला रेडिओ. मी स्टँड घेऊन गेलो, म्हटलं काका हा बदलून द्या, फालतू स्टँड आहे, सायकल पडते. त्यांनी स्टँडकडे बघितलं पण नाही. सायकल स्टँडवर लावली, आणि एका बोटाने हँडलला नुसता धक्का दिला. हँडल वळलं, पुढचं चाक फिरलं, सायकल दोन इंच पुढे सरकली आणि स्टँडचा पाय मागे मिटायला लागला. त्यांनी पडायच्या आत धरली. म्हणाले, "स्टँड मागं हाय, पडतीय पुढनं. स्टँड बदलून काय करताय?"

मला तिथल्या तिथे सगळं दिसलं. अण्णांच्या सायकलला जमिनीला टेकणारी तीन ठिकाणं होती आणि त्यातली दोन लोखंडी पाय, ती घरंगळत नाहीत. साइड स्टँडवर पण तीन ठिकाणं आहेत, पण त्यातली दोन चाकं आहेत! आणि चाकाचं कामच घरंगळणं. त्यात पुढचं चाक तर वळतं पण. सायकल डावीकडे कलली की पुढचं चाक आपोआप डावीकडे वळायला बघतं, फ्रेम थोडी पुढे जाते, आणि बहुतेक साइड स्टँड मागच्या दिशेने मिटणारे असल्यामुळे सायकल पुढे गेली की स्टँड बिचारा बंद होतो. त्यात त्याचा काय दोष.

गंमत म्हणजे चालताना आपल्याला वाचवतं ते हेच. सायकल कलली की पुढचं चाक त्या बाजूला वळतं आणि चाकं तोलाच्या खाली परत येतात, म्हणून रिकामी सायकल जोरात ढकलून सोडली तर बराच वेळ एकटीच सरळ जाते. पूर्वी सगळे सांगायचे की फिरणारी चाकं भोवऱ्यासारखी असतात म्हणून तोल राहतो. २०११ साली नेदरलँडमधल्या डेल्फ्ट आणि अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या लोकांनी एक विचित्र सायकल बनवून ढकलली, त्यात भोवऱ्याचा परिणाम उलट्या फिरणाऱ्या जादा चाकांनी पुसून टाकला होता, तरी ती तोल सांभाळत गेली. म्हणजे नुसत्या भोवऱ्यावर भागत नाही, वजन कुठे कुठे आहे त्याने पण फरक पडतो, पण शेवटी पडत्या बाजूला हँडल वळणं हे लागतंच. आणि तेच, थांबल्यावर, टपरीसमोर, आपली इज्जत घालवतं.

मिस्त्रींनी इलाज पण दिला. खाली पडलेली जुनी ट्यूब उचलली, कात्रीने बोटभर रुंदीची आडवी चकती कापली, झाला रबर. (आमच्या घरी लोणच्याच्या बरणीला आणि पिठाच्या पिशवीला हेच रबर असायचे, विकतचे कधी आणलेच नाहीत.) तो रबर पुढच्या ब्रेकच्या दांड्यावर चढवून मुठीला अडकवायचा, म्हणजे ब्रेक दाबलेलाच राहतो. आपल्याकडे बहुतेक उजव्या हाताचा ब्रेक पुढचा असतो, तुमचा कुठला ते बघून घ्या. पुढचं चाक जाम, सायकल सरकत नाही, सरकत नाही म्हणून हँडल पण सहसा वळत नाही. चालवताना रबर मुठीवर आत सरकवून ठेवायचा. खर्च शून्य. लांबच्या टूरवर जाणारे लोक हेच करतात हे मला नंतर कळलं, कोणी वेल्क्रोची पट्टी वापरतं, कोणी केसाचा रबर. काही जण पुढचा चिमटा (चाक धरणारा फोर्क) आणि खालची नळी यांच्यामध्ये एक स्प्रिंग बसवतात ज्यामुळे हँडल सरळच राहायला बघतं, पुढे बास्केट किंवा बॅग असेल तर ती स्प्रिंग खरंच उपयोगी आहे. मागच्या चाकाचं ते गोल कुलूप लावलं तरी थोडा फरक पडतो, पण थोडाच, कारण पुढचं मोकाट राहतं.

स्टँडची लांबी ही दुसरी भानगड. बाजारात मिळतो तो बहुतेक कमी-जास्त करता येणारा असतो, आत एक बटण असतं. लोकांना वाटतं सायकल जितकी सरळ उभी तितकी चांगली. चूक. फार सरळ असली की उजवीकडे पडायला वाऱ्याची झुळूक पुरते, आणि उजवी म्हणजे वर सांगितलं तसं महागाची बाजू. फार कलती ठेवली तर सगळं वजन त्या एका पायावर. लावलेली सायकल उजवीकडे दोन बोटांनी हलकेच ढकलून बघा, परत आपल्या जागी येऊन टेकली पाहिजे. जाड टायर काढून बारीक टाकलेत तर लांबी परत बघायची, कारण सायकल खाली बसते पण स्टँड तेवढाच राहतो. आणि बॅगा लावत असाल तर आधी स्टँडच्या बाजूची, म्हणजे डावी बॅग, मग उजवी. काढताना उलट, आधी उजवी. दूधवाल्यांचं गणित हेच होतं.

उतारावर लावायची असेल तर तोंड चढाकडे. मग सायकल मागे सरकायला बघते आणि स्टँड उघडाच राहतो. तोंड उताराकडे करून लावली की ती सरकणार, स्टँड मिटणार, आणि घाटात असाल तर पुढचं सांगत नाही. मोटरसायकलवाल्यांना हे माहीत असतं, आपल्याला नसतं. मोटरसायकलवाल्यांना फक्त स्टँड वर करायचा माहीत नसतं, म्हणून अख्खा महाराष्ट्र रस्त्यावर अनोळखी माणसाला ओरडून सांगतो "ओ दादा, स्टँड! स्टँड!" आणि हाताने खालून वर अशी खूण करतो. पुण्यात माणसं एकमेकांशी आपणहून चांगलं वागतात तो बहुधा हा एकच प्रसंग.

जमीन मऊ असेल तर वेगळी तऱ्हा. कोकणात गेलो होतो तेव्हा वाळूत स्टँडचा पाय सरळ आत, एका मिनिटात सायकल समुद्राला दंडवत. तिथल्या एका आजींनी घरामागून नारळाची करवंटी आणून पालथी घातली स्टँडखाली, आणि काही न बोलता परत गेल्या. तेव्हापासून मी आजूबाजूला चपटा दगड, फरशीचा तुकडा, काहीतरी शोधतो, नाहीच मिळालं तर पाण्याची बाटली चेपून. मे महिन्यात नव्या डांबरावर पण हाच प्रकार, दुपारी डांबर मऊ होतं आणि पाय हळूहळू रुततो, तुम्ही जेवून येईपर्यंत खेळ खलास. स्टँडच्या टोकाला एक रबरी बूट येतो तो सहा महिन्यांत हरवतो. मेडिकलमध्ये म्हाताऱ्या माणसांच्या काठीला लावायचे रबरी बूट मिळतात, त्यातला एक माझ्या स्टँडला चपखल बसलाय. दुकानदाराने आस्थेने विचारलं "आजोबांसाठी का?", मी हो म्हटलं.

आता स्टँडच नसेल तर. रेसिंगच्या सायकलींना नसतोच, आणि त्या लोकांना विचारलं तर ते असं बघतात की जणू तुम्ही पुरणपोळीबरोबर केचप मागितलंत. त्यांची एक युक्ती मात्र भारी आहे, फुटपाथची कड. सायकल कडेला समांतर आणायची, कडेच्या बाजूचं पायडल उलटं फिरवत मागे आणि खाली आणायचं आणि कडेवर टेकवायचं, सायकल किंचित तिकडे कलती. उभी राहते, फक्त पायडल क्रँकच्या, म्हणजे ते ज्याभोवती फिरतं त्या मधल्या आसाच्या, मागच्या बाजूला हवं. पुढच्या बाजूला टेकवलंत तर कड त्याला वर ढकलते, पायडल उलटं फिरतं, उलटं म्हणजे फ्रीव्हील, म्हणजे कसलीच अडवणूक नाही आणि सायकल झोपली. मागच्या बाजूला असेल तर तेच वर ढकलणं पुढच्या दिशेला येतं, चेन ताणली जाते आणि पायडल अडतं. मी हे घरी जिन्याच्या पायरीवर अर्धा तास करून बघितलं, बायकोने काय चाललंय विचारलं नाही, तिने विचारणं सोडून दिलंय. अडचण एकच, आपल्याकडे फुटपाथची कड कुठे गुडघ्याएवढी तर कुठे गायबच, त्यामुळे ही युक्ती चालेल अशी जागा सापडली तर मला पण सांगा.

भिंतीला टेकवायची तर लोक हँडल टेकवतात. हँडल वळतं, परत तीच गोष्ट. सीट टेकवा, किंवा मागचं चाक भिंतीला लागू दे आणि सीट पण, आणि पुढचं चाक भिंतीपासून जरा बाहेर. खांब असेल तर खांब सीटच्या मागे आणि मागच्या चाकाला लागून. आणि चार मित्र असाल तर एकावर एक टेकवू नका, ज्याची सगळ्यात आत त्यालाच आपली आधी काढायची असते आणि मग डिरेलर दुसऱ्याच्या स्पोकमध्ये अडकून बसतात, मैत्री तुटते. उलटी करून हँडल आणि सीटवर उभी करणं हे पंक्चर काढायला ठीक आहे, पण हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे, ब्रेक असतील तर फार वेळ ठेवू नका, आत हवेचा बुडबुडा असला तर तो नको तिथे जातो आणि ब्रेक स्पंजसारखा लागतो.

शाळेतला सायकल स्टँड आठवतो का? लोखंडी पट्ट्यांची लांबलचक शिडी आडवी ठेवलेली, त्याच्या फटीत पुढचं चाक घुसवायचं. दिसायला शिस्तीत, पण सायकलला धरलंय फक्त पुढच्या रिमने. कोणी बाजूने धक्का दिला की सगळा जोर रिमवर आणि चाक आउट. आणि एक पडली की ओळीने सगळ्या, धाड धाड धाड, शेवटपर्यंत, आणि मग मधल्या सुट्टीत ज्याची सगळ्यात खाली त्याची रडारड. असे रॅक अजून नवीन नवीन इमारतींत बसवतात, का ते कळत नाही. याच्यापेक्षा एक साधा पाईप वाकवून उलट्या यू सारखा जमिनीत पुरला की झालं, अडीच फूट उंच, तेवढाच किंवा जरा जास्त लांब, फ्रेम दोन ठिकाणी टेकते, कुलूप फ्रेमला घालता येतं, दोन्ही बाजूंना एकेक सायकल. दोन पाईपांत तीन-सव्वातीन फूट अंतर ठेवायचं. वेल्डिंगवाला एका दिवसात करून देईल.

हे मी आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये मांडलं. सेक्रेटरी म्हणाले चांगली कल्पना आहे, कोटेशन आणा. आणलं. म्हणाले तीन आणा. आणली. मग एक मेंबर म्हणाले पाईपला मुलं लोंबकळतील, दुसरे म्हणाले चारचाकीची जागा जाईल, तिसऱ्या काकूंनी विचारलं की सायकली असतातच कोणाकडे, आणि पार्किंगमध्ये तेव्हा वीस सायकली पडलेल्या होत्या, मी मोजून गेलो होतो. माझा मामेभाऊ नेदरलँडला असतो, त्याने उट्रेख्ट स्टेशनखालच्या सायकल पार्किंगचा व्हिडिओ पाठवला होता, साडेबारा हजार सायकली, दोन मजली रॅक, वरचा रॅक ओढला की घसरत खाली येतो, कुठला मजला रिकामा आहे ते पाटीवर. मी तो ग्रुपवर टाकला. खाली तीन जणांनी गुड मॉर्निंग टाकलं.

तर सध्या सायकल घरात. बाल्कनीत आधी दोन विटा ठेवल्या होत्या, चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक, मागच्या चाकाला हां, पुढच्या नाही, आणि खरंच उत्तम उभी राहायची. मग पावसाळ्यात विटांचं लाल पाणी कपड्यांना लागलं. मग भिंतीत हूक ठोकला आणि पुढच्या चाकाने लटकवली, जागा मस्त वाचते, पण चौदा किलो रोज छातीच्या वर उचलायचे म्हणजे दोन दिवस हौस. शिवाय मागच्या टायरचा काळा पट्टा भिंतीवर, रंगाला तीनच महिने झाले होते. आता हूकला माझं जर्किन असतं आणि सायकल स्टँडवर, कोपऱ्यात, सीट भिंतीला लावून.

अण्णांची सायकल अजून सांगलीला आहे. टायर गेलेत, चेन गंजून एकच काठी झालीय, सीटचं चामडं फाटलंय. गेल्या दिवाळीत गेलो तेव्हा परसात त्या स्टँडवरच उभी होती, हँडलवर पायपुसणी वाळत घातलेली. बाबा म्हणाले, तुझे आजोबा गेल्यावर कोणी हलवलीच नाही. मी कॅरियर धरून पुढे ढकलून बघितली, स्टँड गंजलेला, सुटायला तयारच नाही. दोनदा जोर लावला आणि मग राहू दे म्हटलं.

आणि हो, रविवारी सायकल का पडली ते राहिलंच. रबर लावला होता मी. ट्यूबचा तुकडा तीन वर्षं जुना, उन्हाने कडक झालेला, चहाचा पहिला घोट घेताना टप्प असा बारीक आवाज आला, मला वाटलं कोणीतरी बिस्किट मोडलं. जुनी ट्यूब माळ्यावर आहे, कात्री सापडत नाहीये.